लाईट गेली तरी कॉल चालू राहावा म्हणून: राऊटरचा मिनी यूपीएस घ्यावा का?

सांगलीत विश्रामबाग असो की गावभाग, लाईट गेली की लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्या पोटात दोन-तीन तासांची बॅटरी असते. मान टाकतो तो टीव्हीमागे धूळ खात पडलेला राऊटर. लाईट मिनिटभरात परत आली तरी राऊटर उठून नेट धरायला दोन-तीन मिनिटं घेतो. मग कंपनीचं व्हीपीएन, त्याचा ओटीपी, आणि आपण मीटिंगमध्ये परत शिरेपर्यंत आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच कुणीतरी देऊन टाकलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की हे एका दुपारी तीनदाही होतं: वारा सुटतो, फांदी तारेवर येते, फिडर ट्रिप होतो, लाईट येते, पुन्हा जाते.

म्हणून सांगली-मिरजेत घरून काम करणाऱ्यानं महागडी खुर्ची किंवा दुसरा स्क्रीन घेण्याआधी या राऊटरची सोय करावी. त्यासाठी बाजारात मिळणारा मिनी यूपीएस, म्हणजे खिशात मावेल एवढी काळी किंवा पांढरी डबी, साधारण हजार ते दोन हजार रुपयांना येते. ही वस्तू चांगली आहे. पण तिच्या खोक्यावर जे छापलेलं असतं त्यातलं निम्मं वाचायचं नसतं आणि उरलेलं निम्मं नीट वाचायचं असतं.

डबीत आत १८६५० मापाचे लिथियम सेल असतात, तीन किंवा चार. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचे तेच. सोबत एक चार्जिंगचं सर्किट आणि बाहेर १२ व्होल्टची वायर. राऊटर आणि डबी दोघंही डीसीवरच चालतात, त्यामुळे मध्ये २३० व्होल्ट बनवायची भानगड नाही. थोडक्या बॅटरीवर हे यंत्र तासन्‌तास चालतं ते यामुळेच.

आता आकडे. खोक्यावर मोठ्या अक्षरात "१०४०० एमएएच" असं असतं. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. पण तो आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा आहे, राऊटरच्या १२ व्होल्टवरचा नाही. खरा हिशोब वॉट-अवरचा, म्हणजे किती वॉट किती तास. २६०० एमएएचचे चार सेल म्हणजे ४ × ३.७ × २.६, साधारण ३८ वॉट-अवर. २००० एमएएचचे तीन सेल म्हणजे जेमतेम २२. त्यातलं पंधरा टक्के सर्किटच खातं. उरलेल्याला राऊटरच्या वॉटनं भागा, तास मिळतात. पाच वॉटच्या साध्या सिंगल बँड राऊटरला २२ वॉट-अवरची डबी पावणेचार तास पुरते, तेवढ्यावरच "चार तास बॅकअप" छापलेलं असतं. पण आता घरोघरी फायबर आहे. त्याची ओएनटी पेटी (फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करणारी) वेगळी आणि ड्युअल बँड राऊटर वेगळा, दोन्ही मिळून बारा-तेरा वॉट होतात. मग तीच डबी दीड तासात संपते. ३८ वॉट-अवरची घेतली तर अडीच तास. दुकानात "चार तास चालतंय की!" असं कुणी म्हणालं तर "किती वॉटवर?" एवढंच विचारा.

वॉट कसे काढायचे? अडॅप्टरवर "१२ व्होल्ट, १.५ अँपिअर" लिहिलेलं असतं, म्हणजे १८ वॉट, पण ती कमाल मर्यादा झाली. राऊटर प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आसपास घेतो. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर कुणाकडे असेल तर दहा मिनिटं लावून बघा, अंदाजावर राहायला नको.

आणि एक फसवणूक ओळखायची खूण. १८६५० मापाच्या एका सेलमध्ये आजघडीला साधारण ३५०० एमएएचच्या वर काही बसत नाही. तीन सेलच्या डबीवर "१५००० एमएएच" लिहिलं असेल तर ते खोटं. चांगला सेल एकेक ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, म्हणजे चार सेलची डबी प्लॅस्टिक आणि सर्किटसकट दोनशे ग्रॅमच्या वरच हवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. हळदीच्या गावात वजनकाट्याची कमी नाही.

यापुढचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात, आणि डबी "चालत नाही" म्हणून परत येते ती नेमकी याच्यामुळे. स्वस्त डब्यांत तीन सेल एकामागोमाग जोडून त्यांचं व्होल्टेज तसंच बाहेर सोडलेलं असतं. पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट, संपत येताना साडेनऊ-नऊ. काही राऊटर दहा व्होल्टपर्यंत निमूट चालतात. काहींना अकराच्या खाली झटके येतात: दिवे एकदम मावळतात, पुन्हा लागतात, राऊटर रिस्टार्ट होतो, सुरू होताना जास्त करंट ओढतो, व्होल्टेज आणखी बसतं, पुन्हा रिस्टार्ट. डबीवरचा दिवा हिरवाच, नेट मात्र नाही. बॅटरीत अजून तिसरा हिस्सा वीज शिल्लक असताना हे होतं. चांगल्या डबीत बूस्ट सर्किट असतं, ते सेल उतरत गेले तरी बाहेर १२ व्होल्ट धरून ठेवतं. खोक्यावर "रेग्युलेटेड १२ व्होल्ट" असं काही लिहिलंय का बघा. नसेल तर मल्टिमीटर लावून बघायला सांगा, पण राऊटर जोडलेला असताना. नुसत्या उघड्या वायरवर सगळ्याच डब्या १२ दाखवतात.

तुमचा राऊटर १२ व्होल्टचाच आहे याची खात्री मात्र घरून करून निघा. जुने काही ९ व्होल्टचे असतात, काही छोटे ५ व्होल्टचे. ५ व्होल्टच्या राऊटरमध्ये १२ व्होल्ट गेले तर तो तिथंच जळतो, आणि ती वॉरंटी कुणी देत नाही. काही डब्यांना ५, ९, १२ अशा वेगवेगळ्या पिना असतात. त्यातली चुकीची पीन लागू नये म्हणून बाकीच्या दोन्हींवर इन्सुलेशन टेप गुंडाळून टाका.

पिनीचाही घोळ असतो. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दिसायला सारख्याच पिनींना आतलं भोक २.१ किंवा २.५ चं असतं. २.१ ची पीन २.५ च्या सॉकेटमध्ये जातच नाही, तो प्रश्न निदान लगेच कळतो. उलटं केलं, म्हणजे २.५ ची पीन २.१ च्या सॉकेटात बसवली, तर ती जाते आणि सैल राहते. मग झाडू मारताना वायरला धक्का लागला की राऊटर बंद. दोष डबीला दिला जातो, खरं तर ती पन्नास रुपयांच्या कनेक्टरची गोष्ट असते.

जोडणी साधी आहे. अडॅप्टर बोर्डात, अडॅप्टरची पीन डबीच्या "इन"मध्ये, डबीच्या "आऊट"ची वायर राऊटरला. ओएनटी वेगळी असेल तर एकाची दोन तोंडं करणारी वाय-केबल लागते, आणि डबीची कमाल मर्यादा निदान २ अँपिअर हवी. इथं एक चूक हमखास होते. राऊटरचाच १ अँपिअरचा जुना अडॅप्टर डबीला लावतात. आता त्या बिचाऱ्यानं राऊटर चालवायचा, ओएनटी चालवायची आणि वर बॅटरीही चार्ज करायची. तो तापतो, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि लाईट गेल्यावर वीस मिनिटांत खेळ खलास. स्वतःचा ३ अँपिअरचा अडॅप्टर सोबत येणारी डबी दोन-तीनशे रुपये जास्त देऊन घ्या. पूर्ण भरायला तिलाही तीन-चार तास लागतात, त्यामुळे सकाळी दोन तास लाईट गेली आणि दुपारी पुन्हा गेली तर दुसऱ्या वेळी पूर्ण बॅकअपची अपेक्षा धरू नका.

लाईट जाते त्या क्षणी काय होतं, हे दुकानातच बघून घ्यावं. आपला राऊटर पिशवीत घालून न्या, लाजायचं काय त्यात. डबीला जोडा, दिवे स्थिर झाले की अडॅप्टर बोर्डातून काढा, लावा, पुन्हा काढा, असं पाच वेळा. एकदाही दिवे लुकलुकले नाहीत पाहिजेत. एकदा जरी राऊटर रिस्टार्ट झाला तरी ती डबी परत करा, कारण नेमकं तेच टाळायला तुम्ही पैसे देताय.

सेलच्या बाबतीत भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. लिथियम सेलसाठीचं मानक आयएस १६०४६. वस्तूवर बीआयएसची खूण आणि इंग्रजी आर अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा बघता येतो. खूणच नसलेली डबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवायची वस्तू आहे ही, हे लक्षात ठेवा. राऊटरच्या डोक्यावर ती ठेवू नये. राऊटर स्वतः गरम असतो, त्यात सांगलीचा मे महिना. लिथियम सेल उष्णतेनं लवकर म्हातारा होतो. शेजारी, हवा खेळेल अशी ठेवा, कापडाखाली किंवा शोकेसच्या बंद कप्प्यात नको. डबी एका बाजूनं फुगलेली दिसली तर तिथंच वापर थांबवा.

इतकं सगळं जमवूनही नेट गेलं तर? डबी हिरवी, राऊटर चालू, वाय-फाय पूर्ण, आणि ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय. याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाही. पलीकडची बाजू झोपली किंवा केबल तुटली. तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही. म्हणून डबी घेण्याआधी नेटवाल्याला एक प्रश्न विचारा: "आमच्या घरापर्यंत येताना मध्ये कुठं लाईटवर चालणारी पेटी आहे का?" खऱ्या जीपॉन फायबरमध्ये त्यांच्या ऑफिसपासून घरापर्यंत मधले स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारे) नुसते काचेचे असतात, त्यांना वीज लागत नाही. ऑफिसात बॅटरी-जनरेटर असला की झालं. पण गल्लीपर्यंत फायबर आणि पुढं खांबावरच्या स्विचमधून लॅन केबल अशी जोडणी असेल, तर गल्लीची लाईट गेली की तो स्विचही गेला. त्या पेटीत बॅटरी आहे का, कधी बदलली, हे विचारा. उत्तरात "असतंय ओ" एवढंच आलं तर समजून जा. अशा जोडणीत हजार रुपयांची डबी घेण्यापेक्षा आधी नेटवाला बदला. लॅन केबलचा आणखी एक तोटा वळवात कळतो: विजेचा झटका तांब्याच्या तारेतून येऊन राऊटरचा पोर्ट जाळतो. काचेच्या फायबरमधून तो येत नाही.

तेवढ्या वेळापुरता मोबाईलचा हॉटस्पॉट आहेच. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी जातं, कॅमेरा बंद ठेवला तर त्याचा लहानसा हिस्सा. महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी लॅपटॉप हॉटस्पॉटला आधीच एकदा जोडून ठेवा म्हणजे पासवर्ड शोधत बसावं लागत नाही.

संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस राऊटरला लावला तर चालत नाही का? चालतो, पण हत्तीवरून भाजी आणण्यातला प्रकार. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-अवर. कागदावर भरपूर. पण हा आधी १२ चे २३० व्होल्ट बनवतो, मग राऊटरचा अडॅप्टर त्याचे पुन्हा १२ करतो, आणि यूपीएस स्वतःलाच राऊटरइतकी वीज खातो. वर दर काही सेकंदांनी टीं-टीं. कॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू जातं. डेस्कटॉप असेल तर हा घ्या, कारण डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि फाईल सेव्ह होते. त्याहून जास्त अपेक्षा नको. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते.

इन्व्हर्टर हा वेगळा जिन्नस. मळ्यातलं घर, शेतीच्या फिडरवरची जोडणी, लाईट पाळीनं येते-जाते, अशा ठिकाणी डबीनं काही भागत नाही. तिथं १५० अँपिअर-अवरची ट्यूबलर (पाणी घालावी लागणारी ॲसिडची) बॅटरी आणि प्युअर साइनवेव्ह, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, इन्व्हर्टर, साधारण वीस हजारांच्या आसपास. बॅटरीत १८०० वॉट-अवर, हाताशी येतात अकराशे-बाराशे. लॅपटॉप ६०, राऊटर-ओएनटी १५, साधा पंखा ७५, एक बल्ब १०, मिळून १६० वॉट म्हणजे सात तास. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला तर तो ३० वॉटच्या आसपास घेतो आणि सात तासांचे साडेनऊ-दहा होतात. बॅटरीचं माप वाढवण्यापेक्षा पंखा बदलणं स्वस्त पडतं, पण दुकानदार हे आपणहून सांगत नाही. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरमधले दोन-तीन हजार वाचवू नका. पंखा घुमतो, लॅपटॉपचा अडॅप्टर तापतो, हेडफोनमध्ये कधीकधी गुंई असा आवाज येतो.

इन्व्हर्टर असूनही राऊटर बंद पडतो, अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. कारण इन्व्हर्टरची लाईन दिवे-पंख्यांना दिलेली असते आणि राऊटर टीव्हीच्या बोर्डावर. वायरमनला सांगून तो एक सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या, पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच लाईनचे घ्यायला सांगा. नुसता फेज उचलला आणि न्यूट्रल दुसरीकडचा राहिला तर आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून लाईट तोडणारा स्विच) असलेल्या घरात तो ट्रिप होत राहतो, आणि मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतं. ते तर अजिबात नको. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा स्विच असतो, डेस्कटॉप असेल तर तो चालू करा, बदल पटकन होतो. मात्र यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की यंत्र बॅटरीवर उडी मारतं. ज्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथं लाईट असूनही बॅटरी संपत राहील. तिथं साधा मोड ठेवा आणि राऊटरला आधी सांगितलेली मिनी यूपीएसची डबी लावा. दोन्ही असणं ही चैन नाही, घरातला इन्व्हर्टर बदलाच्या क्षणी जो झटका देतो तो डबी गिळते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी डिस्टिल्डच घाला. बोअरचं तर नाहीच, आरओचंही नाही. तरंगणाऱ्या खुणा दर दोन महिन्यांनी बघा, उन्हाळ्यात दर महिन्याला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर इन्व्हर्टर बंद करून, वायर सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं पुसा, कोरडं करा, मग पेट्रोलियम जेली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती कपाटात कोंडू नये.

आणि सांगलीत बॅटरी ठेवायची जागा हा आयर्विन पुलाकडे बघून ठरवायचा विषय आहे. तिथं कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ॲसिड-पाण्यानं भरलेली ट्यूबलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, पाणी दारात आल्यावर ती दोघांनाही जिन्यानं वर नेववत नाही, आणि तिरकी झाली तर ॲसिड सांडतं. गावभाग, मारुती चौक, सांगलवाडी असा सखल भाग असेल तर ती पहिल्यापासून वरच्या मजल्यावरच बसवा. वायरचं अंतर वाढेल ते २३० व्होल्टच्या बाजूला वाढू द्या. इन्व्हर्टर आणि बॅटरीमधली जाड वायर मात्र आखूडच हवी, नाहीतर व्होल्टेज तिथंच मरतं. पूर आला की महावितरण सुरक्षेसाठी लाईट बंद ठेवतं, कधी दिवसच्या दिवस. तेव्हा कुठलाच बॅकअप पुरत नाही, ऑफिसला आधी कळवलेलं बरं.

आमची निवड अशी: लॅपटॉप आणि जीपॉन फायबर असेल, लाईट तास-दोन तास जात असेल, तर चार सेलची, १२ व्होल्ट धरून ठेवणारी, स्वतःच्या अडॅप्टरची डबी. दहापैकी आठ. दोन गुण खोक्यावरच्या थापांचे कापले. तीन सेलची बिनबूस्ट डबी दहापैकी चार, तीही फक्त सिंगल बँड राऊटरसाठी.

घरी आणल्यावर रात्रभर चार्ज करा, सकाळी अडॅप्टर काढा, एक व्हिडिओ लावून ठेवा आणि नेट किती वेळानं जातं ते डबीच्याच पोटावर तारखेसकट लिहा. दर सहा महिन्यांनी हेच. पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर आलं की एखादा सेल गेलेला असतो. वॉरंटी बहुतेक वर्षाची असते, म्हणून दुसरी तपासणी अकराव्या महिन्यात करा, तेराव्यात नको. सेल घरी बदलायच्या फंदात पडू नका, त्याला स्पॉट वेल्डिंग लागतं, सोल्डरिंगच्या उष्णतेनं सेल बिघडतो. ट्यूबलर बॅटरी जुनी झाली की दुकानदार वजनावर पैसे देऊन परत घेतो. लिथियमच्या डबीला असा भाव मिळत नाही, तरी ती घंटागाडीत टाकू नका. तोंडावर टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, कचऱ्यात दाबली गेली तर ती पेट घेते.